राजगड ते तोरणा: एक धार, दोन हप्ते

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यानंतर वडे-चहा आहे, त्यामुळे एकविसाव्या मिनिटाला माझं कुणी ऐकणार नाही याची मला कल्पना आहे. विषय त्यांनीच दिला. म्हणाले, "राजगड-तोरणा एका दिवसात कसा करायचा ते सांगा, जानेवारीत सोसायटीचा ट्रेक न्यायचाय." मी हो म्हटलं. घरी जाऊन कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की कसा करायचा हे सांगायचं तर आधी कसा करू नये ते सांगावं लागणार, आणि ते २०१० साली मीच करून दाखवलेलं आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती गोष्ट अर्धवट माहीत आहे. काहींनी ती जिन्यात ऐकली, काहींनी पार्किंगमध्ये. आज पूर्ण सांगतो. ज्यांच्याबद्दल आहे ते सी विंगमधले काका पहिल्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेतली आहे. काकूंचीही घेतली आहे, ती जास्त अवघड होती.

आधी जागा समजून घेऊ. पाऊस संपल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला उभं राहिलं की सिंहगडाचा टॉवर दिसतो. रविवारी तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातात. पुढच्या वेळी दही खाऊन झालं की कल्याण दरवाज्याकडे जा आणि नैर्ऋत्येला बघा. दोन मोठे गड दिसतील. डावीकडे राजगड, त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बालेकिल्ला. उजवीकडे तोरणा, रुंद आणि अवाढव्य. प्रचंडगड हे त्याचं दुसरं नाव उगीच पडलेलं नाही. तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला म्हणून तो ओळखला जातो. या दोघांच्या मध्ये करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत गेलेली एक रेघ दिसेल. ती डोंगरधार म्हणजे आजचा विषय. सरळ रेषेत हे दोन गड सातेक किलोमीटर अंतरावर आहेत. पण सरळ रेषेत फक्त घारी जातात.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, मुलांसाठी थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीच्या काळात तोरणा घेतला. तिथे दुरुस्ती करताना धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर किल्ला बांधायला लागलं, असं सांगतात. तो किल्ला म्हणजे राजगड. राजधानी रायगडावर जाण्यापूर्वीची पंचवीसेक वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले आणि १२ राहिले, त्या बारांत हे दोघेही होते. पुढे १७०४ मध्ये औरंगजेबाने आधी राजगड घेतला आणि लगोलग तोरणा. म्हणजे राहिले ते जोडीने आणि गेले तेही जोडीने. या वर्षी जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले १२ किल्ले आले, त्यात मात्र राजगड आहे आणि तोरणा नाही. तोरण्याची बाजू घेऊन भांडायला मी तयार आहे, पण वड्यांनंतर.

आता वाट. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून आत वळून मार्गासनी, आणि पुढे गुंजवणे गाव. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट पद्मावती माचीवर जाते. चढ सरळ अंगावर येतो आणि शेवटी कातळाचा टप्पा आहे, तिथे रेलिंग लावलंय. दरवाजा इतका लहान की वाकून आत शिरलं की एकदम पद्मावती तलावाशी आपण उभे. पाली गावाच्या बाजूची वाट सोपी, पायऱ्यांची; ज्यांना गुडघे आहेत त्यांच्यासाठी ती. वर पद्मावतीचं देऊळ, सदर, सईबाईंची समाधी. तिथून एका बाजूला सुवेळा माची, मधे बालेकिल्ला आणि तिसऱ्या बाजूला संजीवनी माची.

या संजीवनी माचीबद्दल दोन मिनिटं जास्त बोलतो, कारण ती पाहिल्याशिवाय ही धार कळत नाही. लांबच लांब, निमुळती होत गेलेली ही माची तोरण्याच्या दिशेला बोट दाखवल्यासारखी पसरली आहे. तिला दुहेरी तटबंदी आहे. बाहेर एक भिंत, आत दुसरी, मधून माणूस जाईल एवढी चिंचोळी वाट. बुरूजही असेच, एकाच्या पोटात दुसरा, चिलखती म्हणतात त्यांना. इतका बंदोबस्त याच बाजूला का? कारण बाकी सगळीकडून चढून यावं लागतं, इथून मात्र शत्रू धारेवरून चालत येऊ शकतो. ज्या वाटेने आपण आज हौसेने जातो, त्या वाटेची त्या काळच्या बांधणाऱ्यांनी एवढी धास्ती घेतली होती. माचीच्या अंगाला अळू दरवाजा आहे. तोरण्याकडे जायचं ते इथून.

अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की घसारा. बारीक दगडगोटे आणि सुकलेलं गवत, पाय ठेवला की सरकतो. इथे घाई केलेली प्रत्येक पँट मागून फाटते. खाली उतरलं की धार लागते. डावीकडे खोल खाली भाटघर धरणाचं पाणी, उजवीकडे वेल्ह्याचं कानंद खोरं. वाट कधी माथ्यावरून जाते, कधी बगलेतून, कधी डोक्यापेक्षा उंच कारवीतून. ही कारवी सात वर्षांनी फुलते, एरवी नुसती अंगाला घासते. पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो तो तिच्यासाठी. चार-सहा चढउतार झाले की एक खिंड येते आणि तिथे अचानक डांबरी रस्ता दिसतो. वेल्ह्याहून पलीकडे भुतोंड्याला, येसाजी कंकांच्या गावाला, जाणारा हा रस्ता. दोन गडांच्या मध्ये गाडी पोचू शकेल अशी ही एकच जागा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिंडीतून पुन्हा चढ. थोडं रान, मग उघडा डोंगर, मग कातळ, एके ठिकाणी लोखंडी शिडी, आणि मग तोरण्याची बुधला माची. तिच्या टोकाशी उलट्या ठेवलेल्या बुधल्यासारखा एक सुळका आहे, त्यावरून नाव. तिथून मेंगाई देवीच्या देवळापर्यंत चालत जायचं, आणि कोठी दरवाजा, बिनी दरवाजा असं करत वेल्ह्यात उतरायचं. संपूर्ण फेरी चांगल्या चालणाऱ्याला दहा तास. आपल्याला बारा धरा.

आणि पाणी. दोन्ही गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत, तलाव आहेत. मधल्या धारेवर काहीही नाही. सुट्टीच्या दिवशी एखादी मावशी ताक किंवा लिंबू सरबत घेऊन बसलेली असते. असली तर देवी, नसली तर नाही. तिच्या भरवशावर निघायचं नाही.

आता २०१०.

सोसायटीला तेव्हा दहा वर्षं झाली होती. लिफ्टचं काम नुकतंच पूर्ण झालेलं, थकबाकीची भांडणं मिटलेली, सगळ्यांचे मूड चांगले होते. मी अडतीस वर्षांचा, सात-आठ गड केलेले, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं वय. मीच नोटीस बोर्डावर कागद लावला. अकरा जण तयार झाले. सी विंगचे काका तेव्हा सत्तावन्न वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायला वर्ष राहिलेलं. रोज पर्वती चढायचे. मला म्हणाले, "भाटघरचं पाणी मी आयुष्यभर खालून पाहिलं, एकदा वरून बघायचंय." असं कारण सांगणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणणार?

चुका मोजायच्या तर तारखेपासून सुरुवात करावी लागेल. महिना मार्चचा. दहावी-बारावीच्या परीक्षा, ऑडिट, लग्नं, सगळं टाळून जो शनिवार मिळाला तो मार्चमधला. निघायचं ठरलं पहाटे चारला, निघालो सव्वापाचला. कुणाची थर्मासची झाकणं सापडत नव्हती, कुणी खाली येऊन परत वर गेलं. गुंजवण्यात पोहे. चढायला सुरुवात पावणेआठला. पद्मावती माचीवर फोटो. मग तरुण मंडळींनी धरलं की एवढं आलोय तर बालेकिल्ला पाहिल्याशिवाय जायचं नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मलाही वर जायचं होतं. संजीवनी माचीच्या टोकाकडे आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माणशी दोन लिटर पाणी मी सांगितलं होतं; त्यातलं निम्मं तिथवर संपलेलं. पद्मावतीवर भरून घ्यायचं राहिलं. का राहिलं म्हणाल, तर मी म्हणालो होतो, "पुढे ताकवाली असते."

ती नव्हती.

राजगडाहून तोरण्याकडे जाताना दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं, कारण आपण पश्चिमेला चाललेलो असतो. मार्चमध्ये गवत वाळलेलं, कातळ तापलेला, वारा पडलेला. मी सगळ्यात पुढे होतो. पुढारी पुढे चालतो अशी माझी समजूत होती. त्यामुळे मागे काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. काका मागे पडत होते. बी विंगमधला एक मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तो त्यांच्याबरोबर होता. नंतर त्याने सांगितलं की शेवटच्या दोन चढांवर काकांच्या पोटऱ्यांत गोळे येत होते आणि ते "कुणाला सांगू नकोस" म्हणत होते. आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, आणि ती त्यांनी पहाटे नियमाने घेतली होती. मी विचारलंही नव्हतं. माझ्या यादीत नाव, फोन आणि व्हेज-नॉनव्हेज एवढेच रकाने होते.

खिंडीत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. काका रस्त्याच्या कडेला बसले ते बसलेच. चेहरा लाल, अंग तापलेलं आणि घाम नाही. एवढ्या उन्हात घाम येईनासा झाला तर ती धोक्याची खूण असते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, बरं आहे, सावलीत बसल्यावर घाम सुकला. काका म्हणाले, "तुम्ही जा पुढे. मी एखादी गाडी पकडून वेल्ह्यात येतो. माझ्यापायी सगळ्यांचा तोरणा बुडायला नको."

मी ते शब्दशः घेतलं. हे मला तुम्हाला सांगायचंच आहे. त्या क्षणी मला बरं वाटलं. काकांनीच सांगितलं म्हटल्यावर माझ्यावर काही नाही. आमची बस आम्ही गुंजवण्याहून थेट वेल्ह्याला पाठवून दिली होती. खिंडीत फोनला रेंज नव्हती. त्या रस्त्याला तेव्हा तासाला एखादी गाडी दिसली तर दिसली. मी त्या मुलाला काकांजवळ बसवलं, अर्धी बाटली पाणी दिलं आणि बाकीच्या नऊ जणांना घेऊन तोरण्याच्या चढाला लागलो.

बुधला माचीवर पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. मागे वळून पाहिलं तर राजगड संध्याकाळच्या उन्हात पूर्ण दिसत होता आणि खाली खिंडीतला रस्ता दोऱ्यासारखा. मी त्या दोऱ्यावर गाडी दिसते का ते बघत राहिलो. बाकीचे फोटो काढत होते. मेंगाईच्या देवळात सगळे पाच मिनिटं बसले, मला बसवेना. टॉर्चच्या उजेडात तोरणा उतरणं हा वेगळाच ताप. नऊ माणसांत टॉर्च चार. वेल्ह्यात साडेआठला पोचलो तेव्हा कळलं, की काका आणि तो मुलगा खिंडीत दोन तास बसून होते. काकांना उलट्या झाल्या, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. मुलाने शर्ट भिजवायला राहिलेलं पाणी वापरलं आणि त्यांच्या डोक्यावर तो धरला. एकोणीस वर्षांच्या पोराला ते कसं सुचलं, मला अजून कळत नाही. शेवटी भुतोंड्याच्या बाजूने एक दुधाचा टेम्पो आला. वेल्ह्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं. मी आत गेलो तर काका मलाच म्हणाले, "झाला का तोरणा?"

काका दोन दिवसांत बरे झाले. काकू काही बोलल्या नाहीत. आठवड्याने लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्या म्हणाल्या, "बरोबर नेलंस ना त्यांना, मग बरोबरच आणायचं होतंस." तिसरा मजला आला, त्या उतरल्या. त्यानंतर वर्षभर काकू लिफ्टपाशी दिसल्या की मी जिन्याने जात असे. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला ही शिक्षा कमी नाही. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, कारण त्यांच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो की ते स्वतःच म्हणाले होते, जा. आजारी माणूस जा म्हणतो तेव्हा त्याचं ऐकायचं नसतं. ज्याला गरगरतंय, तो आपल्या तब्येतीचा निवाडा करू शकत नाही. तो निवाडा नेणाऱ्याने करायचा असतो. आणि खिंडीत करायचा असतो, कारण तिथे रस्ता आहे. एकदा तोरण्याच्या चढाला लागलात की पुढे पाच-सहा तास परतीची सोय नाही.

त्यानंतर मी ट्रेक केले, पण सोसायटीचा नेला नाही. तो विषय निघाला की मी ऑफिसचं काम पुढे करायचो.

या वर्षी जानेवारीत काका माझ्या दारात आले. बहात्तर वर्षांचे. दर रविवारी सिंहगड पायी चढतात, ते बसने जाणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. म्हणाले, "उरलेला हप्ता भरून टाकू या." मला कळलं नाही. म्हणाले, "राजगड ते खिंड झालं. खिंड ते तोरणा बाकी आहे. पंधरा वर्षं थकलंय."

मी काकूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तू कुठे असशील?" मी म्हटलं, "काकांच्या मागे." "शेवटपर्यंत?" "शेवटपर्यंत."

या वेळी असं केलं. तरुण सात जण पहाटे पाचला गुंजवण्यातून निघाले. त्यांचा म्होरक्या कोण, तर तोच बी विंगमधला मुलगा. आता त्याची मुलगी बालवाडीत जाते. काका, मी आणि ए विंगमधल्या दोन वहिनी, असे चौघं जीपने वेल्ह्यावरून खिंडीत. काकूही जीपमध्ये होत्या. काकांची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यायची ते त्यांनी डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटं, लिंबं. साडेआठला चालायला सुरुवात. काकू रानाच्या पहिल्या झाडांपर्यंत आल्या, दहा मिनिटं चालल्या असतील, आणि म्हणाल्या, "मी वेल्ह्यात वाट बघते." मग जीप परत गेली.

काका पुढे, आम्ही मागे. वीस मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं, तहान लागो न लागो दोन घोट प्यायचे. वेग किती म्हणाल तर एक गुराखी आमच्या शेजारून दोनदा वर जाऊन खाली आला. पण जानेवारीची हवा, गवत अजून पिवळं-सोनेरी, आणि हळू चालल्यामुळे मला पहिल्यांदाच तो डोंगर दिसला. चालताना काका पाण्याबद्दल बोलत होते, खात्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सवय जात नाही. म्हणाले, धारेवर पाणी का नाही ते बघ. हा सगळा काळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, त्यात पाणी सहज मुरत नाही. गडाच्या माथ्याला पसारा आहे, तिथे पाऊस साठवता येतो, टाकं खोदलं की उतारावरचं पाणी त्यात येतं. धारेला पसाराच नाही. इथे पडलेला पाऊस ताबडतोब दोन्हीकडे पळतो, उजवीकडचा कानंदीला, डावीकडचा वेळवंडीला. वेळवंडीवर भाटघरचं धरण. "आणि शेवटी दोन्ही नीरेलाच मिळतात," म्हणाले, "पण ते खूप खाली गेल्यावर."

शिडीशी एक अडचण झाली. काकांचा उजवा गुडघा उचलेना. मी खालून, वहिनी वरून, अशी दहा मिनिटं गेली. मागे दुसऱ्या ग्रुपची रांग लागली. त्यातला एक जण म्हणाला, "आजोबांना कशाला आणलं?" पंधरा वर्षांपूर्वीचा मी असतो तर ओशाळून काकांना घाई केली असती. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आधी जा," आणि आम्ही बाजूला झालो. ते गेल्यावर काका सावकाश चढले.

एक वाजता बुधला माची. काका एका दगडाच्या सावलीत बसले आणि खूप वेळ खाली भाटघरच्या पाण्याकडे बघत राहिले. पावणेदोनला तरुण मंडळी धारेवरून येऊन पोचली, घामाघूम, कारवीने ओरबाडलेली. तो मुलगा सरळ काकांकडे गेला, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "घाम आहे, चला." त्याच्यावर सगळे हसले. काका हसले नाहीत, त्यांनी त्याचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

मेंगाईच्या देवळात मी या वेळी बसलो. पोळी-भाजी तिथेच खाल्ली. साडेपाचला वेल्ह्यात उतरलो तेव्हा काकू एसटी स्टँडजवळ बाकावर होत्या. त्यांनी आधी मला मोजलं, मग काकांना.

आता पुढच्या जानेवारीचं. हे कामाचं आहे, लिहून घ्या.

दोन तुकड्या असतील. पूर्ण धार करणारी तुकडी पहाटे पाचला गुंजवण्यातून चढायला लागेल, म्हणजे आपल्या गेटमधून तीनला निघायचं. सव्वातीनला थर्मास आणायला वर गेलेला माणूस राहिला असं समजा. या तुकडीत बालेकिल्ला नाही, कितीही हट्ट केला तरी नाही. तो वेगळ्या दिवशी नीट बघू. दुसरी तुकडी जीपने खिंडीत. दोन्ही तुकड्यांत सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि मी किंवा तो बी विंगमधला मुलगा सगळ्यात मागे. जीप दुपारी एकपर्यंत खिंडीत उभी राहील. धारेवरून येणारा जो कुणी खिंडीत मला किंवा त्याला बरा वाटणार नाही, तो जीपमध्ये बसेल, आणि आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर जाईल. त्यावर तिथे चर्चा होणार नाही. आजच सांगतोय म्हणजे तिथे वाईट वाटायला नको.

पाणी चार लिटर, त्यातलं किती संपलं ते पद्मावतीवर मी तपासणार आणि तिथे पुन्हा भरून घ्यायचं. टॉर्च प्रत्येकाचा स्वतःचा, मोबाइलचा चालणार नाही. बूट जुने, रुळलेले. त्या दिवसासाठी नवे घेऊ नका. अत्तर, सेंट, डिओ काही लावायचं नाही. राजगडावर आग्या माश्यांची पोळी आहेत आणि लोकांना त्या चावल्याच्या घटना झालेल्या आहेत. कचरा आपल्या पिशवीत परत. तटावर उभं राहून फोटो नाही, त्या भिंती साडेतीनशे वर्षं उभ्या आहेत त्या आपल्यासाठी नव्हेत. बारा वर्षांखालच्या मुलांना धार नको. त्यांना वेल्ह्यातून नुसता तोरणा दाखवायचा बेत फेब्रुवारीत करू, त्यासाठी आयांनी माझ्याशी बोलावं.

यादी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. या वेळी रकाने जास्त आहेत. कोणती गोळी चालू आहे हा एक रकाना आहे. ज्यांना सगळ्यांसमोर लिहायचं नसेल त्यांनी तो रिकामा ठेवून मला घरी येऊन सांगावं, माझ्या बायकोलाही कळणार नाही. पैसे खजिनदारांकडे, रोख किंवा फोनवरून.

एक नाव आधीच लिहिलेलं दिसेल, धार करणाऱ्या तुकडीत. सी विंग. काकांचं म्हणणं असं, की पहिल्या हप्त्यातलं त्यांना संजीवनी माचीच्या पुढचं काहीच आठवत नाही, तेव्हा तो भरलेला धरता येणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. डिसेंबरमध्ये पालीच्या वाटेने राजगड करून, अळू दरवाज्यातून थोडं खाली उतरून परत यायचं, आणि मग ठरवायचं, असं आमचं बोलणं झालंय. अक्षर बघितलंत तर ते काकांचं नाही, काकूंचं आहे.

वडे गरम आहेत असं सेक्रेटरी खूण करून सांगताहेत. प्रश्न खाता खाता विचारा.